ओपन सोर्सच्या योगदानासोबत चाचणीही मागा

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

शहरातील एका अभियांत्रिकी महाविद्यालयाने ओपन सोर्स प्रकल्पांत योगदान दिलेल्या विद्यार्थ्यांना प्रमाणपत्रे वाटल्याची बातमी आपल्या अंकात वाचली. पुणे किंवा हैदराबादची वाट धरण्यापूर्वीच सोलापुरातल्या मुलामुलींनी जगभर वापरल्या जाणाऱ्या सॉफ्टवेअरच्या कामाला हात घालावा, ही आनंदाचीच गोष्ट आहे. मात्र बातमीतला कौतुकाचा सगळा भर विद्यार्थ्यांनी पाठवलेल्या पुल रिक्वेस्टच्या, म्हणजे सुधारणेच्या प्रस्तावांच्या, संख्येवर होता. त्यांपैकी किती बदलांसोबत चाचण्या, म्हणजे कोड बरोबर चालतो की नाही हे आपोआप तपासणारे छोटे कोड, लिहिलेल्या होत्या, संबंधित प्रकल्पाची नियमावली किती जणांनी वाचली होती, तपासणाऱ्याने कोणत्या शंका काढल्या आणि त्यांना काय उत्तर दिले गेले, याबद्दल त्यात अवाक्षर नव्हते. अशाच एका छोट्या प्रकल्पात बाहेरून येणारे बदल तपासण्याचे काम मी नोकरी सांभाळून काही वर्षे करीत आहे आणि त्या अनुभवावरून मला असे वाटते की महाविद्यालये जे मोजत आहेत ते मोजण्याजोगे नाही, आणि जे शिकवायला हवे ते बहुतेक ठिकाणी शिकवलेच जात नाही.

या क्षेत्राशी संबंध नसलेल्या वाचकांसाठी थोडे सांगणे आवश्यक आहे. ओपन सोर्स सॉफ्टवेअरचा मूळ कोड कोणालाही पाहता येतो, घेता येतो आणि त्यात सुधारणाही सुचवता येते. सुचवलेली सुधारणा प्रकल्प सांभाळणाऱ्याकडे, म्हणजे मेंटेनरकडे, पुल रिक्वेस्टच्या रूपाने जाते. तो ती वाचतो, चालवून पाहतो, शंका विचारतो आणि समाधान झाले तर मूळ कोडमध्ये सामावून घेतो. हे काम करणारे पुष्कळ लोक बिनपगारी असतात. विद्यार्थ्याने घाईघाईत पाठवलेला बदल नीट वाचायला समोरच्या माणसाची जेवणानंतरची फुरसत खर्ची पडते, आणि एकदा तो स्वीकारला की पुढची कित्येक वर्षे तो सांभाळण्याची जबाबदारीही त्याच्याच अंगावर येते. बदल पाठवणारा तोवर कुठेतरी नोकरीला लागून ते सारे विसरूनही गेलेला असतो.

संख्येच्या मागे लागल्याने काय होते, याची दोन उदाहरणे सर्वांसमोर घडलेली आहेत. २०२० साली हॅक्टोबरफेस्ट या ओपन सोर्स योगदानाला उत्तेजन देणाऱ्या उपक्रमात चार पुल रिक्वेस्ट पाठवणाऱ्यास टी-शर्ट मिळत असे. त्या टी-शर्टच्या मोहाने प्रकल्पाची ओळख करून देणाऱ्या 'रीडमी' फाइलमध्ये एखादे विशेषण घालणाऱ्या निरर्थक बदलांचा इतका लोंढा आला की उपक्रम चालू असतानाच आयोजकांना नियम बदलून, जे प्रकल्प स्वतःहून तयार असतील त्यांच्यापुरताच तो मर्यादित करावा लागला. दुसरे उदाहरण २०२४ च्या सुरुवातीचे आहे. पुल रिक्वेस्ट कशी पाठवावी हे शिकवणाऱ्या एका भारतीय व्हिडिओत उदाहरणादाखल एक्स्प्रेस हा जावास्क्रिप्टचा सुप्रसिद्ध प्रकल्प घेतला गेला, आणि तो पाहून सराव करणाऱ्या विद्यार्थ्यांनी त्या प्रकल्पाच्या 'रीडमी'मध्ये स्वतःचे नाव घालण्याच्या विनंत्यांचा पाऊस पाडला. ज्या प्रकल्पावर असंख्य संकेतस्थळे उभी आहेत, त्याच्या मेंटेनरना त्या एकेक करून बंद करीत बसावे लागले. त्या मुलांचा दोष मी फारसा मानत नाही. सराव आणि प्रत्यक्ष काम यांतला फरक त्यांना कोणी सांगितलाच नव्हता.

तो फरक सांगणारा मजकूर खरे तर जवळजवळ प्रत्येक प्रकल्पात 'कॉन्ट्रिब्यूटिंग' नावाच्या फाइलमध्ये लिहिलेला असतो. कोड कसा उभा करायचा, कोणत्या पद्धतीने लिहायचा, चाचण्या कशा चालवायच्या, बदलाचे वर्णन कसे करायचे आणि काय पाठवू नये, हे त्यात सांगितलेले असते. ही फाइल वाचायला फार तर अर्धा तास लागतो. पण ती इंग्रजीत असते, रूक्ष असते आणि परीक्षेला नसते. त्यामुळे ती उघडलीच जात नाही.

या नियमावलीतला सर्वांत दृश्य भाग म्हणजे कोड लिहिण्याची शैली, आणि विद्यार्थ्यांना सर्वाधिक जाचक वाटतो तोही हाच. पायथॉन भाषेची 'पेप ८' ही शैलीपुस्तिका २००१ पासून अस्तित्वात आहे. ती ओळ सरकवण्यासाठी ४ मोकळ्या जागा सोडायला सांगते आणि ओळीची लांबी ७९ चिन्हांपर्यंत ठेवायला सांगते. लिनक्स कर्नलची, म्हणजे लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्याची, पुस्तिका याच्या उलट टॅब वापरायला सांगते, तोही ८ चिन्हांच्या रुंदीचा, आणि कोड तीन पातळ्यांपेक्षा खोल सरकू लागला तर दोष तुमच्या रचनेत आहे असे ठणकावते. यांपैकी बरोबर कोणते, हा प्रश्नच गैरलागू आहे. 'पेप ८' स्वतःच म्हणते की या पुस्तिकेशी सुसंगत राहण्यापेक्षा त्या त्या प्रकल्पाशी सुसंगत राहणे अधिक महत्त्वाचे आहे. गो या भाषेने तर वादाला जागाच ठेवली नाही. भाषेसोबतच कोडची मांडणी करून देणारे एक साधन दिले आणि त्यातून जे बाहेर पडेल तीच शैली, असा शिरस्ता पाडला. माझे स्पष्ट मत असे आहे की जो नियम यंत्र तपासू शकते तो माणसाने तपासत बसू नये. मोकळ्या जागा आणि स्वल्पविराम यांवरून नवख्या मुलाला चार वेळा परत पाठवणाऱ्या मेंटेनरलाही या बाबतीत दोष द्यायला हवा.

शैलीशी निगडित एक खोड मात्र विद्यार्थ्यांनीच सोडायला हवी. एका ओळीची दुरुस्ती असते, पण पाठवलेल्या बदलात सगळी फाइल लाल-हिरवी, म्हणजे जणू प्रत्येक ओळ काढून नव्याने घातलेली, दिसते. कारण बहुधा साधे असते: विंडोजवरील एडिटरने फाइल जतन करताना प्रत्येक ओळीच्या शेवटचे अदृश्य चिन्ह बदललेले असते, किंवा एडिटरच्या सवयीने टॅबच्या जागी मोकळ्या जागा घातलेल्या असतात. उसवलेला एक धागा सांधायला चादर द्यावी आणि कारागिराने ती संपूर्ण उकलून नव्याने विणून परत आणावी, तसा हा प्रकार आहे. दुरुस्ती झाली असेलही, पण ती कुठे झाली हे आता कोणालाच दाखवता येणार नाही. पुढे दोन वर्षांनी एखादी ओळ का लिहिली गेली हे शोधायला जावे, तर इतिहासात त्या ओळीपुढे मूळ लेखकाऐवजी या विद्यार्थ्याचेच नाव निघते. मांडणीतला बदल आणि वर्तनातला बदल यांची गाठ एकाच पुल रिक्वेस्टमध्ये घालू नये, हा नियम म्हणूनच जवळपास सर्वत्र आहे. पाठवण्यापूर्वी आपलाच बदल दुसऱ्याचा आहे असे समजून एकदा वरपासून खालपर्यंत वाचला, तरी हा प्रकार टळतो.

बदलासोबतच्या संदेशाविषयी थोडक्यात लिहितो. 'फाइल अपडेट केली' किंवा नुसतेच 'फिक्स' असे लिहिण्यात काही अर्थ नसतो, कारण काय बदलले ते कोडमध्ये दिसतेच. ते का बदलावे लागले हे त्या संदेशात हवे असते. कोड आपला आहे किंवा तो देण्याचा आपल्याला अधिकार आहे, असे लेखी जाहीर करण्याची पद्धत लिनक्स कर्नलने २००४ मध्ये सुरू केली आणि पुढे अनेकांनी ती उचलली. कुठून तरी उतरवून घेतलेला कोड स्वतःचा म्हणून पाठवणे हा केवळ शिष्टाचाराचा भंग नसून परवान्याचाही भंग ठरू शकतो, हे विद्यार्थ्यांना पहिल्याच तासाला सांगायला हवे.

आता मुख्य मुद्द्याकडे, म्हणजे चाचण्यांकडे येतो. दोष दुरुस्त करणाऱ्या प्रत्येक बदलासोबत त्या दोषाची चाचणी असावी, आणि ती चाचणी दुरुस्तीपूर्वीच्या कोडवर नापास व दुरुस्तीनंतरच्या कोडवर पास झाली पाहिजे, अशी चांगल्या प्रकल्पांची अपेक्षा असते. यातला पहिला अर्धा भाग विद्यार्थी नेहमी गाळतात. दुरुस्ती आधी करून मग चाचणी लिहिली की ती पास होतेच; पण दुरुस्ती काढून टाकली तरीही ती पास होत असेल, तर तिने काहीच तपासलेले नाही. चाचण्यांनी कोडच्या किती टक्के ओळी ओलांडल्या हे दाखवणारा आकडाही असाच फसवा असू शकतो. प्रत्येक ओळीवरून चालून जाणारी पण उत्तर बरोबर आले की नाही हे न पाहणारी चाचणी शंभर टक्के भरवू शकते, आणि गुणांच्या आशेने अशा चाचण्या लिहिल्या गेलेल्या मी पाहिल्या आहेत.

चाचणी म्हणजे नेमके काय, हे आपल्या बाजारातलेच उदाहरण घेऊन दाखवतो. समजा, दुकानांसाठी पावती छापणारे एखादे ओपन सोर्स सॉफ्टवेअर आहे आणि पावतीच्या अरुंद कागदावर मावावे म्हणून ते दुकानाचे नाव ठरावीक लांबीवर कापते. सोलापुरात 'सिद्धेश्वर' हे नाव किती पाट्यांवर आहे ते सांगायला नको. आपण हा शब्द ४ अक्षरांचा मोजतो: सि, द्धे, श्व, र. संगणकाला त्यात १० चिन्हे दिसतात, कारण वेलांटी, मात्रा आणि दोन्ही पायमोड चिन्हे तो वेगवेगळी मोजतो. यूटीएफ-८ या सर्वत्र रूढ पद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला ३ बाइट लागत असल्याने साठवताना तोच शब्द ३० बाइटांचा होतो. त्यामुळे २० बाइटांवर आंधळेपणाने कापणारा कोड 'सिद्धे' छापून पुढे अर्धवट तुटलेल्या श च्या जागी काळ्या चौकटीतले प्रश्नचिन्ह उमटवतो, आणि आठव्या चिन्हावर कापणारा कोड 'सिद्धेश्' असा पाय मोडलेला शब्द देतो. रोमन लिपीत लिहिलेल्या नावात अक्षरे, चिन्हे आणि बाइट या तिन्हींची संख्या सहसा एकच भरते; म्हणून ज्याने रोमन नावांवरच चाचणी केली त्याला हा दोष जन्मात दिसणार नाही. इथे चाचणी लिहिणे म्हणजे 'सिद्धेश्वर' हा शब्द आणि एकेक लांबी देऊन, निघालेला प्रत्येक तुकडा पूर्ण अक्षरावरच संपतो की नाही हे यंत्राकडून तपासून घेणे. रिकामे नाव, एकाच अक्षराचे नाव, मराठी-इंग्रजी मिसळलेले नाव, कागदाच्या रुंदीएवढेच भरणारे नाव, अशी टोकाची प्रकरणे त्यात आपोआप येतात. दहा-पंधरा ओळींचे काम आहे, पण ते एकदा प्रकल्पात गेले की पुढे कोणी कितीही फेरफार केले तरी मराठी दुकानदाराचे नाव मधेच तुटणार नाही, याची हमी तेवढ्या ओळी देतात.

याहून अवघड एक उदाहरण आहे. 'ॲग्रो' या शब्दातला ॲ दोन प्रकारे टाइप होतो: २००८ मध्ये युनिकोडमध्ये, म्हणजे सर्व लिप्यांच्या चिन्हांना क्रमांक देणाऱ्या प्रमाणकात, दाखल झालेले एकच स्वतंत्र चिन्ह, किंवा अ आणि त्यावर चंद्र अशी दोन चिन्हे. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, पण शोधपट्टीत एका प्रकारे लिहिले आणि नोंद दुसऱ्या प्रकारे झालेली असली, तर ग्राहकाचे खाते सापडत नाही. 'दऱ्या' शब्दातल्या ऱ लाही अशी दोन रूपे आहेत. गंमत अशी की युनिकोडच्या सामान्यीकरणाने, म्हणजे समान अक्षराची वेगवेगळी रूपे एकसारखी करण्याच्या प्रक्रियेने, ऱ ची रूपे एक होतात, ॲ ची होत नाहीत. म्हणजे एकाची चाचणी पास झाली म्हणून दुसऱ्याविषयी निश्चिंत राहता येत नाही. अंकांचेही तसेच आहे. '४५' हे देवनागरी अंक पायथॉनला दिले तर तो त्यांची संख्या करून देतो. जावास्क्रिप्ट त्यांना संख्या मानायला नकार देते.

आपल्या शहराकडे मी या दृष्टीने पाहतो तेव्हा मोठी संधी वाया जाताना दिसते. एकाच वर्गात घरी मराठी, कन्नड आणि तेलुगू बोलणारी मुले असणे ही सोलापुरात नवलाची गोष्ट नाही. फेब्रुवारी २०१८ मध्ये तेलुगू लिपीतल्या 'ज्ञा' या जोडाक्षरात एक अदृश्य संयोगरोधक चिन्ह आले की आयफोनमधली ॲप कोसळत होती, आणि ॲपलला त्यासाठी तातडीने नवी आवृत्ती काढावी लागली. जगातल्या एवढ्या मोठ्या कंपनीच्या चाचण्यांतून जे निसटले ते आपल्या मुलांना लगेच सापडले असते, असा दावा मी करणार नाही. पण जोडाक्षरे, पायमोड आणि अदृश्य चिन्हे यांवर हजारो ओपन सोर्स प्रकल्पांत आजही पुरेशा चाचण्या नाहीत, आणि त्या लिहायला ज्या भाषा यायला लागतात त्या या मुलांना घरातूनच येतात. केरळातले स्वतंत्र मलयाळम कंप्युटिंगचे स्वयंसेवक दोन दशकांहून अधिक काळ आपल्या लिपीसाठी असेच काम करीत आले आहेत. 'रीडमी'त नाव घालण्यापेक्षा हे कितीतरी मोलाचे योगदान ठरेल.

चाचणी लिहिताना आणखी एक पथ्य पाळावे लागते: तिचा निकाल कोठे, केव्हा आणि कोणत्या क्रमाने चालवली यावर अवलंबून असता कामा नये. आपल्याकडच्या मुलांच्या चाचण्या हमखास अडकतात त्या वेळेच्या फरकावर. भारतीय प्रमाणवेळ जागतिक वेळेच्या साडेपाच तास पुढे आहे, आणि प्रत्येक बदलावर आपोआप चाचण्या चालवणारी यंत्रे सहसा जागतिक वेळेवर लावलेली असतात. रात्री बारानंतर वसतिगृहात बसून 'आजची तारीख' तपासणारी चाचणी लिहिली तर ती लॅपटॉपवर पास होते आणि तिकडे नापास, कारण पहाटे साडेपाचपर्यंत तिकडे आदलाच दिवस चालू असतो. सकाळी नऊला पुन्हा चालवली तर दोन्हीकडे पास होते, आणि विद्यार्थी 'आपोआप ठीक झाले' असे लिहून मोकळा होतो. अशी लहरी चाचणी नसलेली बरी, कारण नापास हा शेरा दुर्लक्षिण्याची सवय ती सर्वांनाच लावते. चाचणीने घड्याळाकडे न पाहता ठरवून दिलेली तारीख व वेळ वापरावी, इंटरनेटवर विसंबू नये आणि आधीच्या चाचणीने मागे ठेवलेल्या फाइलवर तर मुळीच विसंबू नये.

हे सारे छोट्या प्रकल्पांतले सोपस्कार आहेत असे कोणास वाटेल, म्हणून मोठ्या चुकांचीही आठवण द्यावी लागते. जगातल्या संकेतस्थळांची गुप्तता ज्यावर अवलंबून होती त्या ओपनएसएसएलमध्ये २०११ च्या अखेरीस एक बदल स्वीकारला गेला आणि मार्च २०१२ च्या आवृत्तीतून तो सर्वत्र पोहोचला. समोरचा सांगतो तेवढ्या लांबीचा मजकूर त्याने खरोखर पाठवला आहे का, एवढी एकच तपासणी त्यात राहून गेली होती. लांबी खोटी सांगितली की सर्व्हर आपल्या स्मृतीतला ६४ किलोबाइटपर्यंतचा भलताच मजकूर परत देत असे, आणि त्यात पासवर्डपासून गुप्त किल्ल्यांपर्यंत काहीही असू शके. हार्टब्लीड या नावाने तो दोष उघड झाला एप्रिल २०१४ मध्ये. खोटी लांबी देऊन पाहणारी एक चाचणी त्या बदलासोबत मागितली गेली असती, तर तो तेथेच अडला असता. त्याच वर्षी फेब्रुवारीत ॲपलच्या सुरक्षा कोडमध्ये 'गोटू फेल' ही ओळ चुकून दोनदा लिहिली गेल्याचे निघाले. अटीखाली महिरपी कंस नसल्यामुळे दुसरी ओळ अटीबाहेर पडून प्रत्येक वेळी चालत होती आणि स्वाक्षरीची पडताळणीच टळत होती. एका ओळीची अट असली तरी कंस घाला, हा अनेक शैलीपुस्तिकांतला नियम मुलांना बालिश वाटतो. तो का असतो याचे याहून चांगले उत्तर माझ्याकडे नाही.

दुसऱ्या टोकाला एसक्यूलाइट आहे. आपल्या प्रत्येकाच्या मोबाइलमध्ये असलेला हा डेटाबेस मूळ कोडच्या दृष्टीने सुमारे १ लाख ५५ हजार ओळींचा आहे, आणि त्याच्या चाचण्यांचा कोड त्याच्या ५९० पट असल्याचे त्याच्या निर्मात्यांनी २०२३ मध्ये नोंदवले आहे. तो प्रकल्प बाहेरच्यांचा कोड सहसा घेतच नाही, हे मात्र आपल्या प्रमाणपत्रांच्या हिशेबात बसणारे नाही.

चाचणीच्या फाइलींकडेही डोळे झाकून पाहू नये, हे एक्सझेड प्रकरणाने शिकवले. दोन वर्षांहून अधिक काळ चांगले काम करून विश्वास मिळवलेल्या एका योगदानकर्त्याने एक्सझेड या फाइली लहान करणाऱ्या (संपीडन) साधनात चोरदरवाजा घातला, आणि त्यासाठीचा घातक कोड लपवला तो चाचणीसाठी म्हणून ठेवलेल्या, माणसाला वाचता न येणाऱ्या फाइलींत. मार्च २०२४ मध्ये आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला दूरस्थ लॉगिनला अर्धा सेकंद जास्त का लागतो, असा प्रश्न पडला आणि त्याने माग काढला म्हणून ते उघडकीस आले. वाचता न येणारी फाइल चाचणीसाठी हवीच असेल तर ती तयार करणारी छोटी स्क्रिप्टही सोबत द्यावी, अशी मागणी मेंटेनरने करायला हवी, आणि ती केली तर विद्यार्थ्याने ते संशय घेतल्याचे लक्षण मानू नये.

हा मुद्दा जरा वाढवून सांगतो, कारण आपल्या मुलांची सर्वाधिक गळती येथेच होते. तपासणाऱ्याने पहिली शंका विचारली की पुल रिक्वेस्ट तशीच सोडून मूल नाहीसे होते. इंग्रजीतला तो तुटक सूर कानाला रागावल्यासारखा वाटतो. वर्गात सर प्रश्न विचारतात तेव्हा तो चूक दाखवायलाच विचारतात, हा अनुभवही गाठीशी असतो. येथे मात्र 'ही अट का घातली?' असे विचारणाऱ्याला बहुतेक वेळा खरोखरच कारण जाणून घ्यायचे असते. 'मला नक्की सांगता येत नाही, तपासून कळवतो' हे उत्तर पूर्णपणे चालते. मौन चालत नाही.

कृत्रिम बुद्धिमत्तेने लिहून दिलेल्या कोडमुळे ही अडचण आता दुप्पट झाली आहे. विद्यार्थी शंका त्याच साधनाला विचारतो आणि आलेले उत्तर जसेच्या तसे चिकटवतो. मेंटेनर मग एका यंत्राशी वाद घालत बसतो. २०२४ मध्येच जेंटू या प्रकल्पाने अशा कोडला दार बंद केले आणि नेटबीएसडी या प्रकल्पाने तो लेखी पूर्वपरवानगीशिवाय घेणे थांबवले. इतके टोकाचे धोरण सर्वांनी घ्यावे असे माझे म्हणणे नाही. मात्र पाठवलेल्या प्रत्येक ओळीचे कारण ज्याला स्वतःच्या शब्दांत सांगता येत नाही त्याने ती पाठवू नये, ही अट कोणत्याही साधनाला लागू व्हावी.

पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर सोलापूर विद्यापीठ आणि शहरातील अभियांत्रिकी महाविद्यालये यांना या पत्राद्वारे माझी विनंती आहे की, अंतिम वर्षाच्या प्रकल्पात ओपन सोर्स योगदानाला गुण द्यायचेच असतील तर पुल रिक्वेस्टची संख्या त्यातून काढून टाकावी. विद्यार्थ्याने एकच बदल सादर करावा आणि त्यासोबत नापास होणारी मूळ चाचणी, दुरुस्ती, पास झालेली चाचणी आणि तपासणाऱ्याशी झालेला सगळा संवाद जोडावा. तो बदल मेंटेनरने नाकारला असला तरी चाचणी नेमकी आणि संवाद प्रामाणिक असेल तर पूर्ण गुण मिळावेत. स्वीकृती विद्यार्थ्याच्या हातात नसते. सरावासाठी महाविद्यालयाने स्वतःची एक रिपॉझिटरी, म्हणजे कोड व त्याचा इतिहास ठेवण्याची जागा, ठेवावी, तीत मुलांनी हवी तितकी नावे घालावीत, परस्परांचे बदल तपासावेत, चुकावे, आणि मगच बाहेरच्या प्रकल्पाच्या दारात जावे. शिक्षकांनी एखाद्या प्रकल्पाची 'कॉन्ट्रिब्यूटिंग' फाइल मराठीत समजावून वर्गात वाचून दाखवली तर मराठी माध्यमातून आलेल्या मुलांची निम्मी भीती तेथेच जाईल. याला नवी प्रयोगशाळा लागत नाही, की निधी लागत नाही.

नियमावली लांबलचक करून नवख्यांना दारातच थकवणारे प्रकल्पही आहेत, हे मी नाकारत नाही. पानेच्या पाने सूचना लिहून ठेवायच्या आणि कोड चालू कसा करायचा ही एकच गोष्ट चार वर्षांपूर्वीची ठेवायची, असा कारभार काही ठिकाणी दिसतो. अशा ठिकाणी नियमावलीत सांगितल्याप्रमाणे पायरी पायरीने जाऊन, ती जेथे अडते तेथे दुरुस्त करून देणे हेही उत्तम पहिले योगदान आहे, आणि त्याला एक ओळ कोडही लिहावा लागत नाही.

आपल्या प्रतिनिधींनाही एक सूचना करावीशी वाटते. यापुढे अशा कार्यक्रमाची बातमी घेताना किती विद्यार्थ्यांनी किती योगदान दिले याबरोबरच त्यांपैकी एखाद्याला त्याने नेमका कोणता दोष दुरुस्त केला आणि तो पुन्हा येणार नाही हे कशावरून, एवढे दोन प्रश्न विचारावेत आणि मिळालेले उत्तर जसेच्या तसे छापावे.

आपला विश्वासू,
एक ओपन सोर्स स्वयंसेवक
विजापूर रोड, सोलापूर